उल्म जंक्शन: रोजच्या प्रवाशाचा अनुभव

उल्ममध्ये राहतो आणि नोकरी स्टुटगार्टच्या बाजूला, त्यामुळे आठवड्यातले बरेच दिवस उल्म हाउप्टबानहोफवरून, म्हणजे मुख्य स्टेशनावरून, ये-जा असते. हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही इथे काढून झाले आहेत. स्टेशनाची इमारत साधी आहे. जुनं स्टेशन दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत गेलं, आताचं १९५० च्या दशकातलं. पण जंक्शन म्हणून मला हे मनापासून आवडतं. जर्मनीच्या या भागात शिकायला किंवा कामाला येणाऱ्यांनी घर शोधताना उल्मचा विचार जरूर करावा, आणि तो या स्टेशनासाठी करावा.

इथून सहा दिशांना गाड्या सुटतात: स्टुटगार्ट, ऑग्सबर्ग-म्युनिक, बोडेनझे सरोवराकाठचं फ्रीडरिक्सहाफन, केम्प्टन, झिगमारिंगन आणि आलेन. पॅरिस-म्युनिक तेजेव्हे ही फ्रान्सची अतिजलद गाडीसुद्धा इथे थांबते. मध्यम आकाराच्या गावाला एवढं महत्त्व का, याचं उत्तर नकाशात आहे. डॅन्यूबच्या अलीकडे उल्म, म्हणजे बाडेन-व्युर्टेमबर्ग. पलीकडे नॉय-उल्म, म्हणजे बव्हेरिया. एकोणिसाव्या शतकात ही दोन वेगळी राज्यं होती आणि त्यांच्या रेल्वेही वेगळ्या. व्युर्टेमबर्गची गाडी १८५० मध्ये उल्मला पोचली. बव्हेरियाचे रूळ ऑग्सबर्गहून येऊन १८५४ मध्ये नदीवरच्या पुलाने तिला जोडले गेले. तेव्हा दोन्ही रेल्वेंची घड्याळंही एक नव्हती. म्युनिकची वेळ स्टुटगार्टच्या सुमारे दहा मिनिटं पुढे. म्हणजे गाडी बदलणाऱ्याला इथे घड्याळाचाही हिशोब ठेवावा लागे. १८९२ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांनी मध्य युरोपीय वेळ स्वीकारली, तेव्हा कुठे तो घोळ मिटला.

स्टुटगार्टहून येणाऱ्या जुन्या मार्गात गाइसलिंगनचा घाट आहे. १८५० मध्ये पूर्ण झालेला हा चढ हजार मीटरला साडेबावीस मीटर इतका आहे. जड मालगाड्यांना इथे आजही मागून ढकलायला जास्तीचं इंजिन लावतात. कर्जतला बँकर, म्हणजे असंच ढकलणारं इंजिन, लागताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

या घाटाला पर्याय म्हणून ११ डिसेंबर २०२२ ला वेंडलिंगन-उल्म हा साठ किलोमीटरचा नवा मार्ग सुरू झाला, आणि माझ्यासारख्यांचं रोजचं गणितच बदललं. आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाडीची स्टुटगार्टपर्यंतची साधारण पंधरा मिनिटं वाचली. पण माझ्या मते खरी मेजवानी म्हणजे आयआरई २००. ही रिजनल गाडी तासाला एक सुटते, ताशी २०० किलोमीटरने धावते आणि तिच्यात डॉइचलांडटिकेट चालतं. हा महिन्याचा पास मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, जानेवारी २०२५ मध्ये ५८ झाला. भाववाढ खटकते, तरी इतक्या वेगाच्या गाडीत पासावर बसायला मिळणं हे मोठंच सुख आहे.

उल्म सुटलं की गाडी लगेच बोगद्यात शिरते, कानाला दडे बसतात. जवळजवळ सहा किलोमीटरनंतर ती थेट पठारावर निघते, दोन्ही बाजूंना शेतं. मेर्कलिंगनला थांबा. हे छोटं स्टेशनही नव्या मार्गाबरोबरच झालं, आणि आसपासच्या खेड्यांची मोठी सोय झाली. पुढे पुन्हा बोगदा, आणि मग फिल्स नदीचं खोरं. दोन बोगद्यांच्या मधोमध ८५ मीटर उंचीचा पूल आहे. आठ-नऊ सेकंद उजेड, खाली खोलवर घरांची छपरं, की लगेच बोसलर बोगद्यात. नवे प्रवासी पहिल्यांदा हमखास मोबाइल काढतात आणि तोवर पूल संपलेला असतो. खिडकी हवी असेल तर मेर्कलिंगन सुटतानाच तयार राहा.

आता अडचणी. आयआरई २०० वेंडलिंगनलाच संपते. स्टुटगार्टचं नवं भुयारी स्टेशन तयार नसल्यामुळे पुढचा मार्ग जोडलेला नाही, म्हणून तिथे उतरून एस-बान (उपनगरी लोकल) किंवा दुसरी रिजनल गाडी धरावी लागते. आयसीई ज्या तात्पुरत्या जोडमार्गाने जुन्या रुळांवर जातात तो एकेरी आहे, त्यामुळे एक गाडी रेंगाळली की समोरचीही अडकते. वेंडलिंगनला बदलायला हाताशी वेळ ठेवूनच निघावं. ठरलेली मीटिंग असेल तर मी सरळ एक गाडी आधीची घेतो.

आलेनकडे जाणाऱ्यांचे हाल याहून जास्त. ब्रेन्त्स खोऱ्यातला तो मार्ग बहुतांश एकेरी आणि अजून डिझेलवर, त्यामुळे क्रॉसिंगसाठी थांबणं आलंच. हायडेनहाइमकडून रोज येणाऱ्या सहकाऱ्यांचा वेळ त्यात जातो, आणि दुहेरीकरण, विद्युतीकरण लवकर व्हावं असं मला फार तळमळीने वाटतं. फ्रीडरिक्सहाफनच्या मार्गावर डिसेंबर २०२१ मध्ये विजेच्या गाड्या आल्या. तिथला फरक डोळ्यांनी दिसतो.

स्टेशनावरच्या सोयी पुरेशा आहेत. तिकीट खिडकीवर माणूस भेटतो, सामानाला लॉकर आहेत, बेकऱ्या सकाळी लवकर उघडतात. रविवारी गावातली दुकानं बंद असतात तेव्हा पाव, दूध इथेच मिळतं. समोर ट्राम, दोन नंबरची ट्राम थेट विद्यापीठावर जाते, विद्यार्थ्यांनी ती लक्षात ठेवावी. भुयारी वाटेने समोरच्या बाजारपेठेत निघालात की बानहोफस्ट्रासवर ग्रॅनाइटचं एक स्मारक दिसेल. १४ मार्च १८७९ ला आइन्स्टाइन जन्मले ते घर तिथे होतं. तेही १९४४ च्या हल्ल्यात गेलं. पुढे पायीच म्युन्स्टर हे मोठं चर्च, १६१ मीटरचा मनोरा. गाडीला तासभर असेल तर तिथे जाऊन येणं सहज जमतं.

सुट्टीच्या दिवशी चार-पाच जणांनी फिरायचं असेल तर सीमेवर राहण्याचा फायदा घ्या. बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरियाचं एका दिवसाचं तिकीट, उल्मपर्यंत चालतं, म्हणजे म्युनिक किंवा ऑग्सबर्गची सहल त्यावर होते, आणि बोडेनझेला जायचं तर बाडेन-व्युर्टेमबर्ग-टिकेट. दोन्ही फक्त रिजनल गाड्यांना लागू, आयसीईत चालत नाहीत. आयसीईचं तिकीट काढलं असेल आणि गाडी तासभर उशिरा पोचली तर भाड्याचे २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के परत मिळतात. अर्ज मोबाइलवरून होतो, तो सोडू नका.