आययूआय की इक्सी?

शुक्राणूंच्या दोषामुळे मूल होत नसल्याने नागपूरच्या धंतोलीतील डॉक्टरांनी सुचवलेल्या या दोन उपचारांपाशी माझा आतेभाऊ अडला आहे. आययूआयमध्ये धुऊन निवडलेले शुक्राणू गर्भाशयात सोडतात. खर्च काही हजारांत भागतो, भूल सहसा लागत नाही, मात्र पुरेसे हालते शुक्राणू आणि निदान एक गर्भनलिका मोकळी असावी लागते. ब्रुसेल्समधून १९९२ साली जगापुढे आलेल्या इक्सीत पत्नीच्या शरीरातून काढलेल्या प्रत्येक पक्व बीजांडात एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने सोडतात, त्यामुळे वीर्यात शुक्राणू नसले तरी वृषणातून मिळालेले चालतात. पण खर्च लाखाच्या पुढे जातो, आणि दोष पुरुषाचा असूनही इंजेक्शने व बीजांडे काढण्याचा त्रास पत्नीच सोसते, हे आपल्याकडे कोणी बोलत नाही. दोष सौम्य आणि पत्नीचे वय कमी असल्यास आधी आययूआय करावे. शुक्राणू अत्यल्प असल्यास थेट इक्सीच योग्य.