ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: कोडपेक्षा चालू आकडे मोलाचे

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की नेमके काय बिघडले आहे हे घरबसल्या कळावे, या अपेक्षेने हा छोटा ओबीडी (गाडीची अंगभूत दोषनिदान यंत्रणा) स्कॅनर घेतला जातो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसवून मोबाइलवरील अ‍ॅपशी जोडला की गाडीच्या संगणकाने साठवलेले दोषांचे कोड लगेच दिसतात, आणि हे काम तो चोख करतो. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे, ही गोष्ट वेष्टनावर कोणी छापत नाही.

पी०१७१ हा कोड घ्या. इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे, एवढेच तो सांगतो. तरीही अनेक जण तो पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात, वास्तविक त्या बिचाऱ्या सेन्सरने फक्त वर्दी दिलेली असते. अशा वेळी उपयोगी पडतात ते अ‍ॅपमधील फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो त्याचे, आकडे. गाडी आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) असताना ट्रिम २० टक्क्यांच्या आसपास वाढलेला असेल आणि २५०० आरपीएमला तो पुष्कळसा खाली येत असेल, तर इनटेकमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात) कुठून तरी जादा हवा शिरत असण्याचा संभव अधिक. उलट भार वाढेल तसा ट्रिमही वाढत गेला, तर फ्युएल पंप किंवा फिल्टर तपासावा, आणि हवा मोजणारा सेन्सर मळला आहे का तेही पाहावे. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट न पेटणे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल, तर तिची तिसऱ्याच्या कॉइलशी अदलाबदल करावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब, नाही तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे (सिलिंडरमधील दाबाकडे) वळावे.

विजेच्या दोषांत मात्र हे उपकरण तोकडे पडते. बॅटरीचा व्होल्टेज ते दाखवते: इंजिन बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १३.५ ते १४.७ व्होल्ट अपेक्षित आहेत, अर्थात चार्जिंगवर संगणकाचे नियंत्रण असलेल्या नव्या गाड्यांत चालू इंजिनाचा आकडा याहून कमी दिसू शकतो. पण स्टार्टर नुसता टकटक करत असेल, तर गंजलेले टर्मिनल किंवा सैल अर्थिंग स्कॅनरला सहसा दिसत नाही. तिथे साधा मल्टिमीटरच हवा: स्टार्टर फिरवताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर अर्थिंगची वायर तपासावी.

दोन तक्रारी आहेत. सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनेला सतत वीज मिळत असल्याने, गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवावा लागतो. शिवाय एबीएस आणि एअरबॅगचे कोड सर्वसाधारण अ‍ॅपमध्ये बहुधा दिसत नाहीत.

कोड पुसण्याचे बटण फार सहज हाती लागते, हेही मला खटकते. त्यासरशी दोष उद्भवला त्या क्षणाची फ्रीझ फ्रेम नोंदही जाते, आणि मेकॅनिकला तीच हवी असते; म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्यावा. फ्रीझ फ्रेम आणि फ्युएल ट्रिम न दाखवणारा, केवळ कोड वाचणारा स्कॅनर स्वस्त असला तरी घेऊ नये.