फिरती नर्सिंग, दीड वर्षानंतर: काम आवडलं, कागदांनी दमवलं

परवा सहाव्या करारासाठी कागदपत्रांची यादी आली. त्यात पुन्हा तेच: हिपॅटायटिस बीचा अँटिबॉडी टायटर, म्हणजे लशीमुळे रक्तात किती प्रतिपिंडं तयार झालीत ते मोजणारी तपासणी, नव्याने केलेली. दीड वर्षात या एका तपासणीसाठी मी तीनदा रक्त दिलंय आणि तिन्ही वेळा पैसे माझ्या खिशातून गेलेत. त्या संतापातच लिहायला बसले. पण नुसत्या संतापावर लिहिलं तर या कामावर अन्याय होईल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

फिरती नर्सिंग म्हणजे एजन्सीमार्फत करार करून दर वेळी वेगळ्या हॉस्पिटलात काम: साधारण १३ आठवडे, आठवड्याला १२ तासांच्या तीन शिफ्ट. मी आयसीयूत काम करते. बाहेर पडण्याआधी नऊ वर्षं एकाच युनिटमध्ये होते.

पहिला करार संपल्यावर एका मैत्रिणीला कळवलं होतं, 'काही विचार करू नकोस, सरळ ये.' तेव्हा खरंच तसं वाटत होतं. तासाचा दर जुन्या पगाराच्या हिशेबापेक्षा चांगला होता, पण खरा आराम वेगळाच होता. कोणाची बढती अडली, इन्चार्ज कोणावर खूश आहे, सुट्ट्या कोणाला मिळाल्या, यातलं काहीच माझ्यापर्यंत येत नव्हतं. आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती, म्हणजे ओव्हर, घ्यायचा, पेशंट सांभाळायचा, ओव्हर द्यायचा आणि घरी जायचं. नऊ वर्षांत मी इतकी शांत झोपले नव्हते. नर्सिंगचा कंटाळा आलाय असं मी धरून चालले होते. कंटाळा नर्सिंगचा नव्हता, हे त्या १३ आठवड्यांत कळलं.

दुसऱ्या करारात या कामाचा सर्वांत मोठा फायदा हाती आला, आणि तो पैशांचा नव्हता. माझ्या जुन्या युनिटमध्ये नॉरअॅड्रेनलिन, हे रक्तदाब वाढवणारं औषध, ४ मिलिग्रॅम ५० मिलीत भरायचो. पहिल्या करारात ते ८ मिलिग्रॅम ५० मिलीत होतं. दुसऱ्या ठिकाणी ४ मिलिग्रॅम थेट २५० मिलीच्या पिशवीत. म्हणजे एका जागी प्रत्येक मिलीत १६० मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्या जागी १६. औषध सोडणाऱ्या पंपावर दोन्हीकडे ताशी ५ मिली दिसतं, पण पेशंटला मिळणाऱ्या औषधात दहापट फरक. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं काम केलं की 'पाचवर चाललंय' एवढंच बोललं जातं आणि सगळ्यांना समजतं. बाहेरून आलेल्या माणसाला ते समजून चालत नाही. तेव्हापासून मी ओव्हर घेताना मिली विचारत नाही. किलोमागे मिनिटाला किती मायक्रोग्रॅम, ते विचारते, पिशवीवरचं लेबल स्वतः वाचते आणि पंपात भरलेलं वजन पेशंटच्या फाइलशी ताडून बघते. नऊ वर्षांत ही सवय मला लागली नव्हती. चार महिन्यांत लागली.

असंच ओव्हरचं. परिस्थिती, पार्श्वभूमी, तपासणीत काय दिसतंय, काय करायला हवं, हा एसबारचा क्रम अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधून हॉस्पिटलांत आला, हे प्रशिक्षणात ऐकलं होतं आणि विसरले होते. अनोळखी डॉक्टरला रात्री तीन वाजता फोन करायचा असतो, त्याला माझं नाव माहीत नसतं आणि माझ्या अंदाजावर त्याने विश्वास ठेवायला काहीच कारण नसतं, तेव्हा तो क्रम उपयोगी पडतो. ओळखीच्या डॉक्टरशी अर्ध्या वाक्यात बोलायची सवय माझी इथे मोडली, आणि ते बरंच झालं.

इथपर्यंत माझं मत पाचपैकी पाच होतं.

तिसऱ्या करारात सहाव्या आठवड्यात फोन आला. युनिटमधले पेशंट कमी झालेत, करार इथेच संपतोय. वागण्याबद्दल तक्रार नाही, कामात चूक नाही. उरलेल्या सात आठवड्यांचं उत्पन्न गेलं, राहायच्या जागेचं भाडं मात्र पूर्ण मुदतीचं भरलेलं. करार काढून बघितला तर सगळं त्यात लिहिलेलं होतं. हमीचे तास म्हणून जो आकडा सही करताना मी बघितला, त्याच्याखालीच हॉस्पिटल किती शिफ्ट विनामोबदला रद्द करू शकतं आणि किती दिवसांच्या सूचनेवर करार थांबवू शकतं, तेही होतं. मी वाचलं होतं, पण नीट वाचलं नव्हतं. पुढचा करार आधी ठरलेल्या तारखेलाच सुरू होणार होता, त्यामुळे ते सात आठवडे बिनपगारी गेले. मैत्रिणीला पुन्हा फोन केला आणि म्हटलं, 'मागे सांगितलं ते अर्धवट होतं.' आता मी दराच्या आधी ते कलम बघते. दर थोडा कमी असला आणि हमीचे तास पक्के असले, तर तो करार घेते. जागाही महिन्याच्या बोलीवरच घेते.

आता कागद. या कामात आपली फाइल आपल्यालाच वाहावी लागते. कायम नोकरीत असताना ती कोणीतरी ठेवतं, आपल्याला तिची जाडीही माहीत नसते. गोवर आणि रुबेलाच्या लशीचे दोन डोस, कांजिण्यांची प्रतिकारशक्ती, टीबीची तपासणी, बीएलएस आणि एसीएलएस या हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचारांच्या प्रशिक्षणांची दोन वर्षांची मुदत, एन-९५ मास्कची फिट टेस्ट. फिट टेस्टबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तिथे मास्क दुसऱ्या मॉडेलचा असेल तर तो माझ्या चेहऱ्यावर बसतो की नाही ते नव्यानेच बघायला हवं. त्यात सुरक्षितता आहे.

पण हिपॅटायटिस बी? तीन डोस झालेत, शून्य, एक आणि सहा महिन्यांच्या वेळापत्रकाने. डोस पूर्ण झाल्यावर एक ते दोन महिन्यांत टायटर करायचा असतो, तोही केला होता. १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिली किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण मिळालं असं धरतात. माझा ३१० आला होता. पुढे काही वर्षांनी रक्तातला आकडा खाली आला तरी शरीराची स्मृती टिकते. म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ती धड आहे, त्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी एकदा पुरेसा टायटर नोंदला गेल्यावर पुन्हा पुन्हा तो करण्याची शिफारस नाही. आम्ही पेशंटना सांगतो की विनाकारण तपासण्या करू नका, आणि आमच्याकडूनच त्या करून घेतल्या जातात. यादी बनवणाऱ्याने सगळ्या रकान्यांपुढे एकच मुदत टाकली, एवढंच त्यामागचं कारण. पैसे जातात ते जातातच. सुट्टीतली एक सकाळ जाते आणि रिपोर्ट येईपर्यंत रुजू व्हायची तारीखही लांबते.

चौथ्या करारात मात्र असं काही मिळालं, की कागदांवरचा राग बराच निवळला. लहानसं युनिट होतं. पहिल्या शिफ्टला इन्चार्ज सिस्टरांनी हातात एक कार्ड दिलं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. इमर्जन्सी ट्रॉलीच्या कोणत्या कप्प्यात काय आहे, नेहमीच्या इन्फ्युजनची प्रमाणं, धोक्याची घोषणा कोणत्या शब्दांत होते, ब्लड बँकेचा आतला नंबर. मग त्या मला ट्रॉलीपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, 'तुम्ही एकदा स्वतः उघडून बघा. वेळ आली तर शोधत बसू नका.' पाच मिनिटं गेली असतील. पाच करारांत हे असं एकाच ठिकाणी झालं. बाकी ठिकाणी ओरिएंटेशन म्हणजे संगणकाचा पासवर्ड आणि आग लागल्यास बाहेर पडायचा रस्ता. ते कार्ड मी जपून ठेवलंय. पाचव्या करारात त्याच धर्तीचं कार्ड मी तिथल्या युनिटसाठी तयार केलं, तिथल्या फार्मासिस्टकडून प्रमाणं तपासून घेतली, आणि आता तिथे नव्याने येणाऱ्याला ते दिलं जातं. एका जागेची चांगली गोष्ट दुसऱ्या जागी नेता येते. कायम नोकरीत असते तर माझ्या हातून हे झालं नसतं.

सुट्टीचा हिशेब विचाराल तर दीड वर्षाचे ७८ आठवडे. त्यात ५८ आठवडे काम केलं. उरलेल्या २० पैकी सात माझ्यावर लादलेले, पण १३ माझे, मी निवडलेले, कोणापुढे अर्ज न करता घेतलेले. त्यांचा पगार नसतो आणि आजारपणाची रजाही नसते, म्हणून जुन्या पगाराशी तासाच्या दराने तुलना करू नका, पूर्ण वर्षाची करा. तशी केली तरी माझ्या हातात जास्त पडलं. फरक मात्र पहिल्या करारात वाटला होता त्याच्या निम्मादेखील नाही.

नुकतंच शिक्षण संपलं असेल तर मी थांबायला सांगेन. दोन-तीन वर्षं एका जागी पक्का हात बसू द्या, कारण इथे दुसऱ्याच दिवशी पूर्ण पेशंट सोपवतात. आणि एक गोष्ट मला अजूनही जड जाते. ज्या पेशंटला आठवडाभर व्हेंटिलेटरवर सांभाळलं, तो पुढे चालत घरी गेला का, हे अनेकदा कळत नाही. जुन्या युनिटमध्ये कोणीतरी परत भेटायला यायचं.

आता या वेळच्या टायटरचं. मी रक्त दिलं नाही. डोसच्या नोंदी आणि जुना रिपोर्ट स्कॅन केला, पुन्हा तपासणी का लागत नाही ते चार ओळींत लिहिलं आणि हे तिथल्या कर्मचारी आरोग्य विभागाच्या डॉक्टरांपुढे ठेवावं अशी एजन्सीला विनंती केली. आज दुपारी उत्तर आलं, 'नोंद स्वीकारली.' सोमवारी रुजू होतेय. त्या चार ओळी आता फाइलमध्ये टायटरच्या रिपोर्टला जोडून ठेवल्यात.