शिवलेली नऊवारी: लग्न ते नवरात्र वापरून झाल्यावर (आणि लाँड्रीवाल्याशी भांडून झाल्यावर)

लाँड्रीवाल्याने बिल लावलं साडेसहाशे रुपये आणि त्यावर लिहिलं "हेवी ड्रेस". मी म्हटलं दादा ही साडी आहे, साडी ड्रायक्लीन आणि रोलप्रेस तुमच्याच बोर्डावर दोनशे ऐंशी लिहिलंय, तर त्याने नऊवारी उलटी करून आतली नाडी ओढून दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, नाडीवाली साडी असते का कुठे?" मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. बरं, पैशांचं एकवेळ सोडा, पण घरी येऊन पिशवी उघडली तर समोरच्या निऱ्यांच्या काठाची जर वीतभर गोळा झालेली, प्लास्टिकची पिशवी गरम तव्याला लागल्यावर होते तशी. हे ठाण्यातलंच दुकान, नाव घेत नाही कारण अजून पैशांचं बोलणं चालू आहे.

शिवलेली नऊवारी काय असते, ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी पॅटर्न वगैरे हे सगळं सगळ्यांना माहितीये, इन्स्टावरच्या रील्स बघून बघून तोंडपाठ झालंय, त्यामुळे त्यात जात नाही. माझी ब्राह्मणी पद्धतीची, सेमी पैठणी (म्हणजे खऱ्या हातमागाच्या पैठणीसारखी दिसणारी नक्कल), राणी कलर, हिरवा काठ, पदरावर मोर. दादरला घेतली ५,२०० ला, नऊवारीच घेतली हे महत्त्वाचं, का ते पुढे सांगते. शिलाई १,८००, नौपाड्यात घरातच शिवणाऱ्या एक काकू आहेत त्यांच्याकडे. ब्लाउज वेगळा. लग्न फेब्रुवारीत झालं.

खरं सांगायचं तर लग्नाआधी मला हा प्रकारच पटत नव्हता. नऊवारी म्हणजे नेसायची गोष्ट, पायजम्यासारखी पाय घालून चढवायची म्हणजे गॅदरिंगचा ड्रेस वाटायचा. पण आमच्याकडे मंगलाष्टकांपर्यंत मामाकडची पिवळी अष्टपुत्री आणि होमापासून पुढे ही, असं ठरलं होतं, आणि मधे बदलायला वेळ होता जेमतेम गुरुजींच्या चहापुरता. अष्टपुत्री मावशीने नेसवली, पाऊण तास लागला, दोनदा कासोटा सुटला, मावशीच्या कमरेत उसण भरली. ही मात्र पाच मिनिटांत. पाय घातले, नाडी बांधली, कमरेला दोन हूक, पदर खांद्यावर टाकून पिन, शेला, झालं. मेकअपवाली मुलगी मुंडावळ्या परत बांधेपर्यंत मी तयार होऊन बसले होते. त्या दिवशी मत बदललं.

होमाला मांडी घालून बराच वेळ बसावं लागतं, तिथे मला धाकधूक होती की मागची शिवण उसवणार. नाही उसवली. काकूंनी सलवारीला घालतात तसं आसन घातलंय, दोन पायांच्या मधे तिरका तुकडा, तोही त्याच रंगाच्या जाड अस्तराचा. शिवायला टाकाल तेव्हा आसन घालणार का हे आधी विचारा, काहीजणी नुसती सरळ शिवण मारून देतात आणि मग सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला टर्रकन आवाज येतो, हे मी एका लग्नात स्वतःच्या कानाने ऐकलंय. (नवरीने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पुढची चार पावलं मात्र एकदम छोटी टाकली.)

बाथरूमचा प्रश्न कोणी रिव्ह्यूत लिहीत नाही म्हणून मी लिहिते. हॉलच्या भारतीय पद्धतीच्या संडासात शिवलेली नऊवारी म्हणजे दिव्य आहे. नाडी सोडली की सगळाच्या सगळा ऐवज खाली येतो, पदर खांद्याला पिन केलेला, एका हाताने निऱ्या धरायच्या, दुसऱ्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. बहिणीला बाहेर उभं केलं होतं आणि शेवटी आत घ्यावं लागलं. यावर उपाय नाही. सकाळपासून पाणी बेताने प्या.

यानंतर पाडवा. कौपिनेश्वर मंदिराच्या बाजूने निघणाऱ्या शोभायात्रेला आम्ही मैत्रिणी दरवर्षी जातो, या वेळी मी नऊवारीवर स्कूटर चालवत गेले. स्कूटरवर ही साडी म्हणजे सुख आहे, कुठे वाऱ्याने उडत नाही, चाकात जायची भीती नाही, उन्हात गरम होतं तेवढं सोडा. पण इथे पहिली खोट कळली. लग्नात मी तीन इंची हीलची कोल्हापुरी घातली होती आणि उंची तेवढी धरून शिवलेली. पाडव्याला साधी चपटी चप्पल, तर पुढच्या निऱ्यांचा काठ रस्ता झाडत आला. नेसलेली साडी दोन बोटं वर खोचता येते, शिवलेलीची उंची एकदा ठरली की ठरली. काठावर काळपट पट्टा, त्यात कोणाच्यातरी रांगोळीचा गुलाल. म्हणून ड्रायक्लीनला टाकणं भाग पडलं. तेव्हा मी माहेरी ऐरोलीला होते, तिथल्या सेक्टरमधल्या जुन्या लाँड्रीत टाकली, त्या काकांनी तीनशे घेतले, हाताने इस्त्री केली, निऱ्यांच्या मधे जुनी वर्तमानपत्रं घालून दिली. एक सुरकुती नाही. तेव्हा मला वाटलं हे असंच असतं सगळीकडे.

श्रावणात मंगळागौर झाली आणि तिथे या नऊवारीने पैसे वसूल केले. फुगडी, झिम्मा, कोंबडा, लाट्या, पहाटेपर्यंत. माझ्या जावेने तिची खरी नेसलेली नऊवारी दोनदा आत जाऊन नीट केली, मी एकदाही नाही. फुगडी घालताना कासोट्याकडे लक्षच गेलं नाही, जे आईच्या पिढीत निम्मं तिकडेच असायचं. सासूबाईंना पण आवडली, त्या म्हणाल्या की हे आमच्या वेळी असतं तर आम्हीही अजून दोन फुगड्या जास्त घातल्या असत्या. ही मोठी गोष्ट आहे, कारण याच सासूबाईंनी त्यांची येवल्याची पैठणी शिवायला देऊ का विचारल्यावर माझ्याकडे असं बघितलं होतं की मी विषयच बदलला.

आणि इथे थोडं त्या पैठणीबद्दल, कारण पुढचं भांडण समजायला लागतं. त्यांची हातमागाची आहे, पदर उलटा केला तर मोर मागूनही तसाच दिसतो, धागे लोंबत नाहीत. माझ्या सेमीचा पदर उलटा केला की मागे धाग्यांचं जंगल, म्हणून तर नथ अडकते, बांगडी अडकते, मुलाबाळांची बोटं अडकतात. पण मुख्य फरक जरीचा. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा असतो. ती वर्षांनी काळवंडते पण इस्त्रीने वितळत नाही. सेमीतली जर बहुतेक वेळा चमकत्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिस्टर फिल्म बारीक कापून केलेली. दुकानात ट्यूबलाइटखाली ती जास्तच चमकते, खऱ्यापेक्षा पिवळीधमक. कॉटनच्या नंबरवर इस्त्री २०० अंशांच्या आसपास जाते आणि तिथे ही जर आकसते. आकसली की परत सरळ होत नाही. सुती कापड वर टाकून, कमी आचेवर, उलट्या बाजूनेच इस्त्री करायची असते. हे मला आता पाठ आहे कारण मी लाँड्रीवाल्याला उभ्याउभ्या सगळं ऐकवलंय.

आता मंगळागौरीनंतर ज्याच्याकडे टाकली त्या ठाण्याच्या लाँड्रीवाल्याची बाजू, कारण दोन दिवस राग शांत झाल्यावर मला त्यातलं एक पटलं. साडीचा जो दोनशे ऐंशीचा रेट असतो तो रोलप्रेसचा असतो, म्हणजे साडी सपाट करून दोन रुळांमधून काढतात. शिवलेली नऊवारी रुळातून जाऊच शकत नाही, मधे नाडी, हूक, आसन, वरच्या वितभर निऱ्या शिवून पक्क्या केलेल्या. माणसाला हातानेच एकेक निरी उलगडून करावी लागते, अर्धा पाऊण तास जातो. त्यामुळे जास्त पैसे घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण मग हाताने करायचे पैसे घेऊन माणसाने हाताने करावी ना. ह्यांनी निऱ्या एकावर एक ठेवून वरून दणकून इस्त्री फिरवली आहे हे स्पष्ट दिसतंय, कारण फक्त वरच्या तीन निऱ्यांची जर गेलीये आणि खालच्यांवर इस्त्रीच्या टोकाचा ठसा आहे. बिलामागे बारीक अक्षरात छापलंय की जर, मणी, टिकल्या यांची जबाबदारी आमची नाही. मग "हेवी ड्रेस" म्हणून जास्तीचे पैसे कशाचे घेता? जर आहे म्हणूनच हेवी ना? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, तो म्हणाला मालक संध्याकाळी येतात. मालक संध्याकाळी आले, म्हणाले पुढच्या कपड्यांवर तीनशे रुपये सूट देतो. म्हणजे मी परत यांच्याकडेच कपडे टाकायचे!

तर साडी घेऊन शिवणाऱ्या काकूंकडे गेले, मनात धरून चालले होते की झालं, साडी गेली. काकूंनी चष्मा लावला, काठ बोटात धरून बघितला आणि म्हणाल्या, "अगं रडतेस काय, मी कुठे फाडलीये ही. अख्खी नऊ वार आहे आत." मला हे माहितीच नव्हतं. दोन प्रकारे शिवतात म्हणे. सहावारी घेतली असेल, म्हणजे साडेपाच मीटर, तर तिच्यातून नऊवारी काढायला कापावीच लागते, पदर वेगळा, पाय वेगळे, आतून दुसरं कापड लावायचं, ती साडी मग परत साडी होत नाही. पण नऊवारीच असेल, सव्वाआठ मीटरच्या आसपास, तर न कापता नुसत्या घड्या घालून टाके मारता येतात. टाके उसवले की नऊ वार मोकळी. तेच त्यांनी केलं, टाके उसवून साडी पूर्ण उलगडून त्यांच्या खाटेवर पसरली आणि मला दाखवलं की जळका भाग ज्या टोकाला आहे ते टोक आत पायात घ्यायचं आणि आत दडलेला चांगला काठ पुढे निऱ्यांना आणायचा. त्यात पदराची एक दिशा बदलते, मोर थोडे खाली येतात, एवढंच. उंचीही दोन इंचांनी कमी करून मागितली, आता चपटी चप्पल पण चालेल. चारशे रुपये घेतले. आणि वरच्या निऱ्या मशीनने पक्क्या न करता हाताने कच्च्या टाक्याने धरल्यात, ड्रायक्लीनला द्यायच्या आधी मी स्वतः टाका काढायचा, साडी मोकळी करून द्यायची, परत आल्यावर टाका घालायचा. दहा मिनिटांचं काम. हे पहिल्यांदाच का नाही केलं विचारलं तर म्हणाल्या नवऱ्या मुलींना कोणालाच टाका घालता येत नाही गं आजकाल.

जावेची लग्नातली नऊवारी सहावारीतून कापून शिवलेली आहे, शिलाई माझ्यापेक्षा स्वस्त पडली होती तिला, हजारात. तिच्या काठाला लग्नात समईचं तेल लागलं, तो डाग आता कायमचा पुढेच राहणार, फिरवायला आत कापडच नाही. भाड्याने घेतलेली नऊवारी एका दिवसाला हजार-दीड हजार आणि वर डिपॉझिट, त्यामुळे ज्यांना लग्नात एकदाच घालायची आहे त्यांनी सरळ भाड्याने घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण पाडवा, मंगळागौर, नवरात्र असं वर्षभर वापरणार असाल तर नऊवारीच विकत घ्या आणि शिवणारीकडून "न कापता" हे शब्द तोंडाने वदवून घ्या, नुसतं मान हलवण्यावर जाऊ नका. आणि सेमी घेत असाल तर काठातला एक जरीचा धागा दुकानातच नखाने खरवडून बघा, आत काय निघतं ते. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे, पैसे आपले आहेत.

नवरात्रात राणी कलरच्या दिवशी नव्याने शिवलेली घातली. पुढचा काठ कोरा करकरीत, जळका भाग आत पायाला लागतो, थोडा टोचतो, खाली लेगिंग घातलं की काही नाही.

लाँड्रीकडे तीनशेची सूट नको, साडेसहाशे रोख परत हवेत असं लिहून दिलंय आणि बोर्डाचा फोटो काढून ठेवलाय. सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवारी नवऱ्याला बरोबर नेणार आहे, तो बोलणार काहीच नाही, पण उंच आहे.