कासवांसाठीचे हलते चराऊ कुंपण: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः बिजागऱ्यांविषयी

चार फळ्या, चार कोपरे आणि पिन उपसली की सुट्या होणाऱ्या बिजागऱ्या, अशा रचनेचे कुंपण कसे बांधतात हे कासवे पाळणाऱ्यांना नव्याने सांगायला नको, म्हणून आराखड्याच्या तपशिलात मी शिरत नाही. अनेक महिने जवळजवळ रोज जागा बदलून वापरल्यावर त्यातील काय टिकले, काय टिकले नाही आणि कशावरून विक्रेत्याशी वाद घालावा लागला, एवढेच येथे नोंदवतो. अलीकडे एका कोपऱ्यातील पिन गंजून बिजागरीतच अडकली आणि एरवी घडी करून भिंतीला टेकवून ठेवता येणारे कुंपण उघड्या अवस्थेत गवतावर पडून राहिले, हे या लिखाणाचे निमित्त आहे.

माझ्याकडे हर्मन जातीच्या, म्हणजे जमिनीवर राहणाऱ्या लहान भूमध्यसागरी कासवांच्या, दोन माद्या आहेत. दोघींचीही लांबी २० सेंटिमीटरच्या आतली असल्याने प्रत्येकी १२० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर उंच अशा चार फळ्या दिवसभराच्या चरण्यापुरत्या पुरतात. रात्री त्यांना आतच घेतो. उंदीर-घुशी झोपलेल्या कासवाचे पाय कुरतडतात, आणि हलक्या कुंपणाच्या भरवशावर तो धोका पत्करण्यात अर्थ नाही. लाकूड एका मोडीत काढलेल्या कपाटाचे आहे, कारण घरात लाकूड पडून असताना नवे विकत आणणे मला पटत नाही. जुने लाकूड घेताना एक पथ्य मात्र पाळले: बाहेर वापरण्यासाठी रसायनात मुरवलेली जुनी फळी घेतली नाही. पूर्वी अशा लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असलेले मिश्रण सर्रास मुरवले जाई, आणि ज्या गवतावर कासवे तोंड लावणार त्याला टेकून ते ठेवणे योग्य नव्हे. फळ्यांना फक्त कच्चे जवस तेल दोनदा लावले. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत.

भिंती जाळीच्या न करता लाकडाच्याच ठेवल्या, आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. पलीकडचे दिसत असले की कासव तिथून वाट काढायचा प्रयत्न सोडत नाही. नाक घासून घेईल, पण चरणार नाही. भिंत अपारदर्शक असली की थोड्या फेऱ्यांनंतर ते पाल्याकडे वळते. किंमत मोजावी लागते ती वजनाची: २० मिलिमीटर जाडीच्या पाइनची या मापाची एक फळी सुमारे पाच किलो भरते आणि ओली झाली की आणखी जड होते. चारही एकत्र उचलणे एकट्याचे काम नाही. म्हणूनच पिना काढून दोन-दोन फळ्या नेण्याची सोय हवी होती, आणि म्हणूनच या साऱ्या बांधकामात मी विकत घेतलेल्या दोनच वस्तूंपैकी, म्हणजे बिजागऱ्या आणि झाकणाची जाळी यांपैकी, बिजागऱ्यांकडून माझी अपेक्षा सर्वांत जास्त होती.

या बिजागऱ्या 'बाहेरच्या वापरासाठी, गंजरोधक' अशा वर्णनाने विकल्या गेल्या होत्या. पहिल्याच जोडणीत लक्षात आले की पिन नळीत, म्हणजे बिजागरीच्या ज्या पोकळ भागातून ती जाते त्यात, सैल बसते. फळी धरून हलवली तर कोपरा खडखडतो, आणि संपूर्ण चौकट किंचित तिरपी करता येते. काटकोनात नीट बसलेले काम पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे सहन होत नाही. मी लगेच विक्रेत्याला लिहिले. उत्तर आले की एवढी सैल बसण 'मर्यादेत' आहे. मर्यादा कोणी ठरवली आणि ती किती, हे विचारल्यावर तेच वाक्य पुन्हा आले. मी पिनेचा आणि नळीचा व्यास मोजून छायाचित्रांसह पाठवला. त्यानंतर काही दिवस उत्तरच आले नाही. त्या काळात कुणी या बिजागऱ्यांविषयी विचारले असते तर मी त्या फुकटही घेऊ नका असेच सांगितले असते.

हे मत मला बदलावे लागले. गवताळ जमीन कधीच सपाट नसते. कुठे गवताचे गुच्छ असतात, कुठे गांडुळांनी वर काढलेली माती, कुठे आपल्याच पावलांनी दबलेला खड्डा. चारही कोपरे घट्ट असलेली चौकट अशा जमिनीवर उंचवट्यांवर अडते आणि उरलेल्या ठिकाणी तिच्या खाली फट राहते. कासवाला फट दिसली की ते तिथे तोंड घालते, मग पुढचे पाय, आणि मग सगळे अंग लावून फळी उचलू लागते. हर्मन मादीच्या आकाराच्या मानाने तिची ही ताकद पाहून प्रत्येक वेळी नवल वाटते. तुलनेसाठी मी काही दिवस एका कोपऱ्यातील पिनेवर पातळ पत्रा गुंडाळून ती घट्ट केली होती, आणि नेमक्या त्याच कोपऱ्याला लागून असलेली फळी जमिनीपासून बोटभर वर राहू लागली. पत्रा काढताच ती खाली बसली. सैल पिनेमुळे प्रत्येक फळी शेजारणीपासून थोडी स्वतंत्र राहते, काही मिलिमीटर खाली उतरते, किंचित कलते आणि जमिनीच्या उंचसखलपणाला जुळवून घेते. ज्या दोषाबद्दल मी पत्रे लिहिली होती तोच दोष कासवांना आत ठेवत होता. विक्रेत्याला हे ठाऊक होते असे मला अजिबात वाटत नाही.

अर्थात सैलपणाने सगळे प्रश्न सुटत नाहीत. खड्डा खोल असेल तर फळी तिथवर पोचत नाही, म्हणून प्रत्येक फळीच्या मध्यावर तंबूची एक खुंटी ठोकतो. दुसरे असे की सैल बिजागरीमुळे दोन फळ्यांच्या मध्ये उभी, अरुंद चीर राहते आणि तिच्यातून उजेड आत येतो. दोघींपैकी धाकटी त्या उजेडासमोर बसून राहायची आणि नखांनी लाकूड ओरखडायची. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती बाहेरच्या बाजूने दोन्ही फळ्यांवर खिळली, तेव्हा तिचा तो उद्योग थांबला. पट्टी आतून लावू नये, कारण कासवे रबर चावून पाहतात. कोपऱ्यांवर वरून त्रिकोणी फळकुटेही बसवली आहेत. दोन भिंतींच्या काटकोनात कासवाला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, ते चढू लागते आणि उलटे पडते. उन्हात उलटे पडलेले कासव लवकर तापते, शिवाय त्याची फुप्फुसे पाठीच्या कवचाला लागून असल्याने पोटातील अवयवांचा भार त्यांच्यावर येतो. थोड्या वेळात कोणाचे लक्ष गेले नाही तर ते दगावू शकते.

सैलपणाबाबत मी माझी तक्रार मागे घेतली, पण गंजाबाबत घेणार नाही. बिजागरीच्या पानांवर, म्हणजे लाकडावर बसणाऱ्या सपाट पट्ट्यांवर, जस्ताचा मुलामा जाड आहे आणि तो आजही शाबूत आहे. पिनेवर मात्र तो कागदापेक्षाही पातळ असावा, कारण रोज उपसल्या-घातल्याने तो आधी चकाकला आणि मग निघून गेला. जस्त गेले की उरते ते साधे पोलाद, आणि नळीच्या आत दवाचे व पावसाचे पाणी तासन्‌तास टिकते. जी पिन काढण्यासाठीच बनवली आहे तिचा मुलामा काढण्या-घालण्यात झिजणार हे बनवणाऱ्याने गृहीत धरायला नको काय? विक्रेत्याचे म्हणणे असे पडले की पिन हा 'झिजणारा भाग' असल्याने हमीत बसत नाही. बिजागरीतील एकमेव हलता भाग हमीबाहेर ठेवून उरलेल्या पत्र्याची हमी देणे हा प्रकार मी प्रथमच पाहिला. तेल घाला, असाही सल्ला मिळाला. पण तेल ओघळून गवतावर उतरणार आणि तेच गवत कासवे खाणार, हे त्यांच्या गावीही नव्हते.

बऱ्याच ताणाताणीनंतर नव्या पिना आल्या. त्या तशाच मुलाम्याच्या आहेत, आणि भरीस भर म्हणजे थोड्या जाड आहेत. माझ्या पहिल्या तक्रारीची दखल घेऊन त्यांनी त्या घट्ट बसणाऱ्या पाठवल्या असाव्यात. त्या मी बसवल्या नाहीत. अडकलेली पिन हातोडीने ठोकून बाहेर काढली आणि चारही कोपऱ्यांसाठी स्टेनलेस स्टीलची सळई आणून लांब पिना करून घेतल्या. एका कोपऱ्यातील वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही बिजागऱ्यांतून एकच सळई जाते, वरचे टोक वाकवले असल्याने ती उपसायला बोट अडकवता येते, आणि व्यास जुन्या पिनेएवढाच, म्हणजे सैल, ठेवला आहे. अधूनमधून तिच्यावर मेण चोळतो. आता कुंपण सुटे करायला पूर्वीच्या निम्मा वेळही लागत नाही. बिजागऱ्यांवर जेवढा खर्च झाला त्यापेक्षा या सळया स्वस्तात पडल्या, हे लिहिताना मला आनंदापेक्षा संतापच अधिक होतो.

झाकणाविषयी थोडक्यात. कावळे आणि मांजरे असतील तिथे झाकण हवेच. पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा वजनाला हलका असल्याने मोह होतो, पण दोन कारणांनी तो टाळावा: काच आणि बहुतेक पारदर्शक प्लास्टिक सूर्यप्रकाशातील यूव्हीबी (अतिनील) किरण अडवतात, आणि त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होण्यासाठी कासवांना नेमके तेच किरण हवे असतात, शिवाय अशा झाकणाखाली हवा कोंडून तापते. मी अर्ध्या भागावर १३ मिलिमीटर छिद्रांची वेल्डेड जाळी आणि अर्ध्या भागावर सावलीसाठी प्लायवूड बसवले आहे. दुपारी सूर्य सरकला की प्लायवूडची सावली कुंपणाबाहेर पडते, ही अडचण मात्र अजून सुटलेली नाही. सध्या आत एक लाकडी खोका उलटा ठेवतो आणि पाण्याचे उथळ ताट त्याच्या शेजारी.

चरण्याच्या दृष्टीने कुंपणाने अपेक्षेपेक्षा जास्त दिले. हर्मन कासवे गवतापेक्षा रुंद पानांचे तण पसंत करतात, आणि नव्या जागी ठेवले की ती आधी डँडेलियन, मग प्लँटेन (केळ नव्हे, त्या नावाचे तण), मग क्लोव्हर असे निवडून खातात; नुसते गवत उरले की भिंतीकडे चकरा सुरू होतात. कुंपण कधी हलवायचे हे मी त्या चकरांवरून ठरवतो. रोज जागा बदलल्याने विष्ठा एका ठिकाणी साचत नाही, आणि विष्ठेतून पडलेली जंतांची अंडी संसर्गक्षम व्हायला काही काळ लागतो, तोवर कासवे तिथून पुढे गेलेली असतात. कीटकनाशक किंवा तणनाशक फवारलेल्या जागेवर, आणि कण्हेर किंवा फॉक्सग्लोव्ह अशा विषारी वनस्पतींची पाने गळून पडतात अशा ठिकाणी, कुंपण ठेवू नये.

हॉर्सफील्ड कासवे पाळणाऱ्यांना मी ही रचना सुचवणार नाही. ती जात मुळातच बिळे करणारी असल्याने खालून जाळीचा पदर लावल्याशिवाय ती दिवसभरात बाहेर पडेल, आणि पदर लावला की कुंपण हलवणे जिकिरीचे होते. सल्काटा या मोठ्या आफ्रिकी कासवाबाबत तर प्रश्नच नाही, कारण ४५ किलोंच्या पुढे जाऊ शकणारे ते जनावर फळ्यांसकट चालू लागेल. बाकी मध्यम आकाराच्या कासवांसाठी कुंपण चांगले आहे. बिजागऱ्या घेताना चुंबक सोबत ठेवावे आणि ते पानाला नव्हे, पिनेला लावून पाहावे. जोरात चिकटले तर मुलाम्याखाली साधे पोलाद असण्याची शक्यता जास्त. त्या बिजागरीची किंमत ठरवताना वेगळ्या सळईचा खर्च आधीच धरावा, आणि ती सळई थोडी सैलच बसेल अशी घ्यावी.