फोंड्यातला शनिवारचा गणितवर्ग, तीन महिन्यांनी

मुलगा तिसरीत. गणितं लवकर संपवून बाकावर डोकं टेकतो म्हणून शाळेतून दोनदा चिठ्ठी आली. त्यावर शाळेचा उपाय? तसलीच आणखी वीस गणितं! मग मार्दोळहून जवळ पडतो म्हणून हा वर्ग धरला.

इथल्या बाई चौथीचं पुस्तक पुढे सरकवत नाहीत. पहिल्याच दिवशी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४ त्यांनी पोरांपुढे टाकला. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. आमच्याने ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आणि ६१७४! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या तिथेच येतात.

बसमध्ये तिकिटाच्या मागे त्याची वजाबाकी चालूच. "आई, तीन अंकी घेतली तर?" रात्री जेवताना ४९५ सापडला, माशाची आमटी निवली ती निवलीच.

अक्षर मात्र अजून कोंबडीच्या पायांसारखं. बाई म्हणाल्या, "असूं दे, हुशार पोर सगळ्यातच हुशार असतं असं कोणी सांगितलं?"

खटकलं ते सांगते. दुसरी ते सहावी एकत्र, त्यामुळे लाजरी पोरं मागे राहतात. फी महिन्याला बाराशे, थोडी जास्तच. आणि पंखा फक्त बाईंच्या डोक्यावर. पाचातले चार तारे, एक पंख्यासाठी कापला.