एस. एस. शील्डहॉल, साउथॅम्प्टन : गेलात तर आधी खाली उतरा

सुनेनं तिकिटं काढताना ‘जुन्या बोटीतून फेरी’ एवढंच सांगितलं होतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या धक्क्यावर पोचलो, धुराडं दिसलं, वाफेचा भोंगा वाजला आणि मी नातवाचा हात सोडून शिडीकडे निघालो. त्याबद्दल अजून बोलणी खातोय.

बाहेरून शील्डहॉल जुन्या जमान्यातल्या ऐटबाज प्रवासी बोटीसारखी दिसते. जातीनं मात्र टँकर. माल तेल नव्हे, ग्लासगोच्या सांडपाण्याचा गाळ! 1955 साली ग्लासगोजवळच्या रेनफ्रूच्या लॉब्निट्झ यार्डात ती बांधली. गाळ भरायचा, क्लाइड नदीतून समुद्रात जायचं, टाक्या रिकाम्या करायच्या, परत यायचं. वीसेक वर्षं हेच. गंमत म्हणजे उन्हाळ्यात याच फेऱ्यांवर 80 पर्यंत पाहुणे फुकट न्यायचे. पोटात मैला, डेकवर सहल. 1977 साली ती साउथॅम्प्टनकडच्या सरकारी पाणी मंडळानं घेतली आणि 1980 ते 1985 तिथला गाळ वाहायला लावली. आता स्वयंसेवक चालवतात, त्यात माझ्या वयाचेही दिसले.

ब्रिजवरही, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतही सोडतात. इंजिनरूमला हुकूम धाडायचा टेलिग्राफ, सुकाणू, फोटो वगैरे. पाच मिनिटं पुरे.

इंजिनरूममध्ये मी दीड तास होतो. दोन ट्रिपल एक्सपान्शन इंजिनं शेजारी शेजारी, सगळं उघडं. रसवंतीवाला चिपाड दुमडून पुन्हा पुन्हा चरकात घालतो ना, तसं इथं वाफेचं. आधी छोट्या सिलिंडरात, मग मधल्यात, मग सगळ्यात मोठ्यात, आणि शेवटी कंडेन्सरमध्ये तिचं पाणी करून परत बॉयलरला. दांडे वरखाली होतात, ती वरखाली गोल फिरवणारा क्रँक तुमच्या गुडघ्यापाशी फिरतो, आणि आवाज इतका हळू की शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं.

मी टँकरवर काढलेली वर्षं टर्बाइनवर गेली. तिथं वाफ पाती फिरवते, पण फिरणारं काही दिसायचंच नाही. पोलादी कवच आणि दिवसरात्र एकच सूर. वाफ 60 बारची, म्हणजे हवेच्या साठपट दाबाची, 500 अंशांच्या आसपास. ती गळली तर दिसत नाही, नुसती शिट्टी ऐकू येते. मग लांब दांड्याचा झाडू पुढे धरून पाइपाच्या कडेनं सरकायचं. झाडू कापला गेला की गळती सापडली. मुंबई बंदरातल्या बुचर आयलंडच्या तेलधक्क्याला बोट लागली की लोकांना वाटायचं, आता इंजिनवाल्यांना आराम. कसला आराम! तेल उपसणारे पंप वाफेवर, जड तेल थिजू नये म्हणून टाक्यांतल्या कॉइल्सना वाफ, टाक्या धुवायचं पाणी तापवायला वाफ. बॉयलर काही थंड व्हायचा नाही. 1973 नंतर तेल महागलं आणि टर्बाइनची खादाडी मालकांना परवडेना. डिझेल आलं. गॅस वाहणारी जहाजं तेवढी वाफेवर बरीच वर्षं टिकली, कारण मालातून उडणारा गॅसच बॉयलरमध्ये जाळता येतो.

खाली एक म्हातारा तेलवाला होता. फिरत्या क्रँकच्या लयीत हात घालून बेअरिंग किती तापलंय ते बघत होता. हात आत, स्पर्श, हात बाहेर. हे मी आमच्या जुन्या सारंगांकडून नुसतं ऐकलं होतं. मी टँकरवर होतो म्हटल्यावर त्यानं विचारलं, “स्टीम?” मी म्हटलं, “टर्बाइन.” त्यावर त्यानं जो चेहरा केला, तो आमच्याकडे घरचं लोणचं घालणारी बाई बाटलीतलं लोणचं बघून करते.

पाचपैकी पाच तारे. शिड्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करा. फिकट रंगाचे कपडे घालू नका. आणि फेऱ्या बहुतेक उन्हाळ्यातच असतात, तेव्हा तारखा बघूनच विमानाची तिकिटं काढा.

आमची ही पूर्ण वेळ डेकवर बसून होती. मी वर आल्यावर तिनं माझ्या स्वेटरचा वास घेतला. “हा वास घालवायला मला दोन पाण्यांत सोडा टाकावा लागायचा,” म्हणाली. मग स्वेटर काढायला लावला आणि घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवला.